कांदेबागेत कांदा कुठे?

रावेरकडे मामांच्या शेतात गेलो होतो. मामा म्हणाले, "औंदा कांदेबाग उशिरा लावली." सोबतचा पुण्याचा मित्र बांधावरून कांद्याची पात शोधू लागला. समोर नुसती केळी! जूनच्या सुमारास लावलेली ती मृगबाग, सप्टेंबर-ऑक्टोबरात लावलेली ती कांदेबाग. तिथे हरीण नाही, इथे कांदा नाही.

वाचून शिकणाऱ्या संगणकाची हीच गत होते. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात टॉम मिचेल आणि सहकाऱ्यांनी जानेवारी 2010 मध्ये 'नेल' ही प्रणाली सुरू केली. तिने रात्रंदिवस इंटरनेटवरचा मजकूर वाचायचा आणि माहिती वेचायची. शिदोरी म्हणून शहरं, कंपन्या असे काहीशे प्रकार आणि प्रत्येकाची दहा-पंधरा उदाहरणं, एवढंच.

रीत साधी आहे. समजा, फळांमध्ये आंबा आणि पेरू सांगून ठेवलेत. 'आंबा, पेरू यांसारखी फळं' असं वारंवार दिसलं, की 'यांसारखी फळं' ही खूण हाती लागते. पुढे 'मेहरूणची बोरं यांसारखी फळं' वाचलं, की बोरं यादीत जातात. नावांवरून खुणा, खुणांवरून पुन्हा नावं. 67 दिवसांत 2,42,000 हून अधिक विधानं जमली. त्यांतली 74 टक्के बरोबर असावीत, असा अंदाज निघाला.

चूकही याच वाटेने शिरते. इंग्रजीत कुकी म्हणजे बिस्किट, आणि ब्राउझर साठवतो ती छोटी नोंदही कुकी. नेलने दुसरीलाही बेकरीत बसवलं. मग 'कुकी डिलीट केल्या' वाचलं, 'फाइली डिलीट केल्या' वाचलं, आणि फाइलीसुद्धा भट्टीत गेल्या! म्हणून शहर असेल तर माणूस नसेल, अशी बंधनं घालतात, वेगवेगळ्या पद्धतींनी तीच माहिती पडताळतात. तरी अधूनमधून माणसाला यादी निवडावी लागतेच, तांदळातले खडे निवडावेत तशी.

आजची मोठी भाषा-प्रारूपं, म्हणजे चॅटजीपीटीसारख्यांमागची यंत्रं, अशा याद्या करत नाहीत, पुढचा शब्द ओळखत शिकतात. पण शब्दाची ओळख शेजारच्या शब्दांवरून, हे तिथेही खरं. अहिराणीत 'मना भाऊ' म्हणजे माझा भाऊ. मराठीच वाचलेल्या यंत्राला 'मना' म्हटलं की मनाई आठवणार. आणि अहिराणी मजकूर इंटरनेटवर आहेच किती?

मित्राने सरळ मामांनाच विचारलं. ते हसले, पलीकडची पिलबाग दाखवली. तो म्हणाला, "म्हणजे इथेही पील नसणार!" मामांनी खोडाशेजारचा कोंब हलवला. पील होतं.