साखरेची सूत्रं वरूनही हलतात

१८४९ साली पॅरिसमध्ये शरीराचं कामकाज अभ्यासणारे फ्रेंच शास्त्रज्ञ क्लोद बेर्नार यांनी एका सशाच्या कवटीच्या मागच्या बाजूने बारीक हत्यार आत सरकवलं आणि मेंदूच्या अगदी खालच्या भागाला, म्हणजे लंबमज्जेला, टोचलं. थोड्याच वेळात सशाच्या रक्तातली साखर चढली आणि लघवीतही उतरली. स्वादुपिंडाला धक्का लागला नव्हता, सशाला साखर चारलेली नव्हती. टोचलं होतं डोक्यात आणि परिणाम दिसला लघवीत.

पहिल्याच फटक्यात जमलेला हा प्रयोग पुढे आठ-दहा वेळा फसला. दुसरा कोणी असता तर पहिला निकाल योगायोग समजून मोकळा झाला असता. पण एकदा डोळ्यांसमोर घडलेली गोष्ट पुढच्या अपयशांमुळे खोटी ठरत नाही, अशी बेर्नार यांची धारणा होती. त्यांनी नेमकी जागा शोधून काढली आणि मग प्रयोग हमखास जमू लागला. मला त्यांच्या शोधाइतकाच हा चिवटपणाही मोलाचा वाटतो.

पुढचा प्रश्न होता, डोक्यातला निरोप पोटापर्यंत पोचतो कसा? बेर्नार यांचा पहिला संशय व्हेगस या नसेवर होता. ती मेंदूतून निघून मानेतून थेट पोटातल्या अवयवांकडे जाते. त्यांनी ती कापली, तरी टोचल्यावर साखर वाढलीच. मग त्यांनी मज्जारज्जू वरच्या बाजूला कापला, आणि परिणाम थांबला. निरोप पाठीच्या कण्यातून जात होता.

आज हा रस्ता बराच स्पष्ट झाला आहे. मेंदूकडून आलेला हुकूम छातीच्या भागातल्या मज्जारज्जूत उतरतो, तिथून मणक्यांबाहेर पडणाऱ्या नसांवाटे यकृत, स्वादुपिंड आणि मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथींकडे जातो. या ग्रंथी ॲड्रेनॅलिन सोडतात, यकृत साठवलेलं ग्लायकोजेन फोडून रक्तात ग्लुकोज ओततं, आणि स्वादुपिंड इन्सुलिनचा हात आखडता घेतं. यकृतातला साठाच संपलेला असेल तर बेर्नार यांच्या टोचणीचा उपयोग होत नाही, कारण कोठी रिकामी असताना हुकूम देऊन काय होणार? व्हेगसचं काम याच्या उलट आहे. जेवण समोर आलं, वास आला, पहिला घास तोंडात गेला की साखर रक्तात पोचायच्या आधीच ती स्वादुपिंडाला थोडं इन्सुलिन सोडायला लावते.

मेंदूने साखरेत इतकं लक्ष घालायला कारणही तसंच आहे. वजनाने तो शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण विसावलेल्या शरीराच्या ऊर्जेतला सुमारे २० टक्के वाटा एकटा घेतो, दिवसाला साधारण १२० ग्रॅम ग्लुकोज. आणि कोणत्याही क्षणी आपल्या सगळ्या रक्तात मिळून ग्लुकोज असतं जेमतेम ५ ग्रॅम, एक चहाचा चमचाभर. म्हणूनच मेंदू साखर स्वतः मोजतो. १९६४ मध्ये दिल्लीच्या एम्समध्ये बाळकृष्ण आनंद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हायपोथॅलॅमस या मेंदूच्या तळाशी असलेल्या भागातल्या एकेका पेशीचे विद्युत संकेत टिपले. रक्तातलं ग्लुकोज वाढलं की तृप्तीच्या केंद्रातल्या पेशी जास्त बोलू लागत आणि भुकेच्या केंद्रातल्या गप्प होत. त्याच वर्षी जपानमध्ये ऊमुरा यांनाही ग्लुकोज ओळखणाऱ्या पेशी सापडल्या.

मग मधुमेह म्हटलं की आपल्याला फक्त स्वादुपिंड का आठवतं? १८८९ मध्ये मेरिंग आणि मिन्कोव्स्की यांनी कुत्र्याचं स्वादुपिंड काढलं आणि त्याला मधुमेह झाला. १९२१ मध्ये टोरांटोत इन्सुलिन हाती आलं, मरणाच्या दारातली मुलं उठून बसली. त्यानंतर सगळ्यांचे डोळे तिकडे लागले यात नवल नाही. पण बेर्नार यांचा धागा मागे पडला, याची हळहळ वाटते.

हा धागा किती महत्त्वाचा, ते मानेत मज्जारज्जूला पूर्ण इजा झालेल्या माणसांकडे पाहिल्यावर कळतं. साखर उतरली की एरवी घाम फुटतो, हात थरथरतात, छाती धडधडते. यातलं बरंचसं काम कण्यातून उतरणाऱ्या निरोपाचं. तो रस्ताच तुटल्यावर ॲड्रेनॅलिन नीट उसळत नाही आणि धोक्याची घंटा वाजतच नाही. अशा माणसांमध्ये उलट बाजूने साखर चढण्याचं प्रमाणही जास्त आढळतं, पण त्याचं मोठं कारण हालचाल थांबून झिजलेले स्नायू.

कणा धडधाकट असूनही ही घंटा बंद पडू शकते. माझी आई बरीच वर्षं इन्सुलिन घेते. एका दुपारी ती लसूण सोलत बसली होती. मी काही विचारलं तर उत्तरं भलतीच. घाम नाही, थरथर नाही. मीटरवर आकडा ५२, म्हणजे साखर फारच उतरलेली. साखरपाणी दिल्यावर पंधरा मिनिटांत ती भानावर आली, पण तिला काहीच जाणवलं नव्हतं. साखर वारंवार उतरत राहिली की मेंदू त्या खालच्या आकड्याला सरावतो आणि हाकाटी उशिरा करतो, असं डॉक्टरांनी समजावलं. तिची साखर रात्री झोपेत उतरत होती, आम्हाला पत्ताच नव्हता.

त्यांनी डोस कमी केला आणि काही आठवडे साखर एकदाही खाली जाऊ द्यायची नाही, असं बजावलं. तेवढ्या विश्रांतीने मेंदूची जाणीव बऱ्याचदा परतते. आम्ही रात्री दोनचा गजर लावून बोट टोचत होतो. महिनाभराने एकदा संध्याकाळी आईने स्वयंपाकघरातून हाक मारली, "अगं, हात थरथरतायत बघ माझे, मीटर आण." आकडा होता ६६.