जुन्या नाशकात दुकानाची पाटी बदलण्याआधी

सराफ बाजार, भांडी बाजार, भद्रकाली, पंचवटी या भागांत पाटी तयार व्हायला फारसा वेळ लागत नाही. काम अडते ते परवानगीत आणि भिंतीत. म्हणून आम्हा पाटी बनवणाऱ्यांना माप घ्यायला बोलावण्याआधी एवढे वाचून घ्या.

परवानगी कोणाची?

दिव्यांची पाटी किंवा छपरावर उभा केलेला बोर्ड असेल, तर महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २४४ व २४५ नुसार आयुक्तांची परवानगी लागते. कंपनीने फुकट दिलेल्या बोर्डावर कंपनीचे नाव ठळक आणि दुकानाचे बारीक असेल, तर तो जाहिरातीत धरला जाऊ शकतो. असा फुकटचा बोर्ड शेवटी महागच पडतो.

इमारत वारसा यादीत असेल तर श्रेणी पाहा. श्रेणी १ मध्ये आत-बाहेर जवळपास कशालाही हात लावता येत नाही. श्रेणी २ मध्ये आतले फेरबदल शक्य असतात, पण दर्शनी भाग तपासला जातो. श्रेणी ३ मध्ये मोकळीक अधिक. यादीतल्या इमारतीवरची पाटी वारसा समितीच्या सल्ल्यासाठी जाते, मग ती दोन फुटांची का असेना.

पांडवलेणी, त्र्यंबकेश्वर मंदिर, सिन्नरचे गोंदेश्वर ही केंद्र संरक्षित स्मारके आहेत. तिथे १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामाला मनाई आहे. दुरुस्तीलाही आधी परवानगी लागते. त्यापुढचे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र. हे अंतर देवळाच्या भिंतीपासून नाही, तर संरक्षित जागेच्या हद्दीपासून मोजतात. घोळ नेमका इथेच होतो. नियम मोडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. सुंदरनारायण मंदिर आणि सरकारवाडा राज्य संरक्षित आहेत. त्यांना लागून काम असेल तर राज्य पुरातत्व विभागाकडे आधी विचारा.

मजकुराबाबत एकच: मराठी, देवनागरीत, सुरुवातीला, आणि दुसऱ्या भाषेतल्या अक्षरांपेक्षा लहान नको. कामगार दहापेक्षा कमी असले तरी हा नियम लागू आहे.

वाड्याची भिंत काय सोसते

दहा बाय तीन फुटांचा एसीपी (अ‍ॅल्युमिनियमचा थर असलेला पत्रा) बोर्ड, लोखंडी फ्रेम आणि अक्षरे धरून तीस किलोच्या आसपास भरतो. वजनापेक्षा धोका वाऱ्याचा. पांढऱ्या मातीच्या किंवा चुन्यात रचलेल्या जुन्या विटांच्या भिंतीत फिशर, म्हणजे स्क्रूसाठी भोकात बसवायची प्लास्टिकची नळी, पकडत नाही. पहिल्या वळवातच भोक सैल होते. सिमेंट भरून ते घट्ट करायचे नाही. सिमेंटमागे ओल कोंडते आणि शेजारचा चुना भुगा होऊन गळू लागतो.

आम्ही बोर्डाचा भार शक्यतो लाकडी तुळईवर किंवा खांबावर क्लॅम्पने घेतो, म्हणजे लाकडालाही भोक पडत नाही. क्लॅम्प आणि लाकूड यांच्यामध्ये रबरी पट्टी असते. भिंतीत खिळवणे टळतच नसेल, तर भोक दगडात किंवा विटेत नाही, सांध्यात पाडतो. सांधा पुन्हा चुन्याने भरता येतो, फुटलेला काळा दगड नाही. स्क्रू स्टेनलेस स्टीलचे. साधे लोखंड गंजून फुगते आणि कोपरा उडवते.

कोरीव चौकटीवर सबंध एसीपी ठोकून ती झाकायला आम्ही नकार देतो. मागे हवा खेळत नाही, पावसाचे पाणी उतरते आणि पत्रा काढेपर्यंत वाळवीने लाकूड पोखरलेले असते. तिथे सुटी पितळी अक्षरे लावावीत, भिंतीपासून एक इंच पुढे. दिसतातही छान.

नदीकाठच्या गल्ल्यांत दिव्यांचा ट्रान्सफॉर्मर आणि स्विच मागच्या पुराच्या खुणेच्या वरच बसवतो. गोदावरीच्या पुराची पातळी ज्यावरून ओळखतात त्या दुतोंड्या मारुतीकडे बघून माल हलवता येतो, वायरिंग नाही.

मापाच्या दिवशी तयार ठेवा

सिटी सर्व्हेचा उतारा, चालू घरपट्टीची पावती, शॉप अ‍ॅक्टचा कागद, भाडेकरार आणि मालकाची नाहरकत. उताऱ्यावर सात भावंडांची नावे असतील तर सातही सह्या लागतात, आणि त्यातले एखादे हमखास पुण्याला किंवा परदेशात असते. ही खटपट आधी सुरू करा. दर्शनी भागाचे फोटो, मोजमापासह नकाशा आणि बोर्ड मोठा असल्यास स्ट्रक्चरल इंजिनिअरचा दाखला यांची व्यवस्था आम्ही करतो. परवानगी हातात येईपर्यंत जुनी पाटी उतरवत नाही.