बोमार्झोचं राक्षसवन

इटलीत रोमच्या उत्तरेला, वितेर्बोजवळ बोमार्झो नावाचं छोटं गाव आहे. गावाखालच्या झाडीत एक राक्षस जबडा वासून बसलाय. पायऱ्या चढून त्याच्या तोंडात शिरलं की आत दगडाचंच टेबल आणि बाक. तिथे पुटपुटलेलंही बाहेर ऐकू जातं, तेव्हा गुपितं सांगायला ही जागा कुचकामी.

ही बाग पिएर फ्रांचेस्को ऊर्फ विचिनो ओर्सिनी या सरदाराने वसवली. तिथल्या एका निमुळत्या स्तंभावर त्याचं नाव, १५५२ हे साल आणि ‘केवळ मन मोकळं करण्यासाठी’ अशी ओळ कोरलेली आहे. पत्नी जुलिया फार्नेझे गेली, त्या दुःखात त्याने हे सगळं उभारलं, असं रंगवून सांगतात. पण १५५२ मध्ये ती हयात होती! माथ्यावरचं छोटं देऊळ तेवढं तिच्या स्मरणार्थ.

त्या काळी तिकडे बाग म्हणजे कातरलेली कुंपणं, सरळ वाटा, मोजूनमापून बसवलेली कारंजी. विचिनोने या शिस्तीला फाटा दिला. उतारावर पेपेरिनो या ज्वालामुखीजन्य दगडाच्या शिळा आधीपासूनच पडलेल्या होत्या. त्या हलवायच्या भानगडीत न पडता जागच्या जागीच कोरून घेतल्या. सोंडेत सैनिक धरलेला हत्ती, पाठीवर बाईची मूर्ती पेलणारं कासव, आणि मुद्दाम कलतं बांधलेलं घर, ज्यात पाऊल टाकताच तोल जातो.

१५८५ मध्ये विचिनो वारला आणि पुढे बागेत रान माजलं. मूर्ती झुडपांत बुडाल्या, मेंढ्या चरू लागल्या. एवढ्या अवजड शिळा उचलून नेणं कुणाला जमणार? त्या टिकल्या याचं श्रेय निम्मं तरी त्यांच्या वजनाला द्यायला हवं. १९४८ मध्ये चित्रकार साल्वादोर दाली इथे येऊन गेला आणि बागेचा बोलबाला झाला. १९५४ मध्ये जोव्हान्नी बेत्तिनी यांनी ती विकत घेतली, रान साफ केलं, पडझड सावरली.

डागडुजीत एक गंमत झाली. राक्षसाच्या ओठांवर आज लाल अक्षरांत ‘सगळे विचार उडून जातात’ असं लिहिलेलं दिसतं. सतराव्या शतकाच्या सुरुवातीच्या एका रेखाचित्रात मात्र ‘आत येणाऱ्यांनो, सारे विचार सोडा’ असं आहे. इटालियन कवी दान्तेच्या महाकाव्यात नरकाच्या दारावर अशीच ओळ आहे, पण तिथे सोडायची असते ती आशा. विचिनोने तिथे विचार घालून थट्टा केली होती. नव्या अक्षरांत ती गळाली.