ब्रॉयलर इंजेक्शनने फुगत नाही
चिकनच्या दुकानात हमखास कानावर पडतं, "गावठीच घ्या, ब्रॉयलरला हार्मोनची इंजेक्शनं देतात." नाही हो! वाढीचं हार्मोन म्हणजे प्रथिन. खाद्यातून दिलं तर पोटातच पचून जाईल. आणि शेडमधली पाच हजार पिल्लं रोज एकेक धरून टोचणार कोण? (लस देतात, ती वेगळी, तीही बरेचदा पाण्यातून.)

खरी करामत निवड-पैदाशीची, म्हणजे पिढ्यानपिढ्या झपाट्याने वाढणारेच पक्षी निवडून त्यांची पिल्लं काढण्याची. कॅनडाच्या अल्बर्टा विद्यापीठाने १९५७ आणि १९७८ पासून निवड न करता जपलेल्या वाणांची पिल्लं २००५ च्या ब्रॉयलरसोबत एकाच खाद्यावर वाढवली. ५६व्या दिवशी वजनं भरली सरासरी ९०५ ग्रॅम, १.८ किलो आणि ४.२ किलो. दाणा तोच, फरक रक्तातला. या झपाट्यापायी पक्ष्यांचे पाय अधू होतात, ती तक्रार मात्र रास्त.