एसक्यूएल सर्व्हरमधल्या अनडॉक्युमेंटेड स्टोअर्ड प्रोसिजर

मायक्रोसॉफ्टचा एसक्यूएल सर्व्हर हा डेटाबेस सर्व्हर इन्स्टॉल केला की त्याच्यासोबत शेकडो तयार स्टोअर्ड प्रोसिजर येतात, म्हणजे सर्व्हरमध्येच साठवलेले आणि नावाने हाक मारून चालवायचे छोटे प्रोग्राम. त्यातल्या काहींची माहिती कंपनीच्या अधिकृत डॉक्युमेंटेशनमध्ये असते, म्हणजे पॅरामीटर कोणते, काय परत येतं, परमिशन कोणती लागते वगैरे. बाकीच्या प्रोसिजर सर्व्हरमध्ये असतात, चालतात, बऱ्याचदा कोणीही चालवू शकतं, पण त्यांच्यावर अधिकृत पान नसतं. त्यांना अनडॉक्युमेंटेड म्हणतात. याचा अर्थ लपवलेल्या असा लावू नये, कारण यातल्या टी-एसक्यूएलमध्ये (एसक्यूएल सर्व्हरच्या स्वतःच्या भाषेत) लिहिलेल्या बहुतेक प्रोसिजरचा अख्खा कोड एसपी_हेल्पटेक्स्ट या तयार प्रोसिजरने स्क्रीनवर येतो. नसतं ते एकच, आश्वासन. पुढच्या व्हर्जनमध्ये किंवा अगदी पुढच्या पॅचमध्ये ती तशीच राहील असं कंपनीने कुठेही म्हटलेलं नसतं, आणि काही बिघडलं तर सपोर्टकडे त्यासाठी भांडता येत नाही.

नावांचा प्रश्न

यातल्या बऱ्याच नावांची सुरुवात एसपी_ ने होते, आणि तिचा अर्थ काय यावर जुनं मतभेदाचं प्रकरण आहे. सर्वात जास्त ऐकू येणारा अर्थ 'स्टोअर्ड प्रोसिजर', दुसरा 'सिस्टिम प्रोसिजर' आणि तिसरा 'स्पेशल'. हे नाव मायक्रोसॉफ्टचं नाहीच, ते सायबेस या डेटाबेस कंपनीकडून आलं. एसक्यूएल सर्व्हर मुळात सायबेसचा, मायक्रोसॉफ्टने १९८९ मध्ये तो ओएस/२ वर आणला, १९९३ मध्ये विंडोज एनटीवर ४.२१ व्हर्जन आलं आणि त्याच सुमाराला दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. सायबेसच्या मॅन्युअलमध्ये या प्रोसिजरना सिस्टिम प्रोसिजर म्हणतात, आणि इंजिनाचं वागणंही त्याच बाजूने बोलतं: सर्व्हरच्या स्वतःच्या मास्टर डेटाबेसमध्ये एसपी_ ने सुरू होणारी प्रोसिजर ठेवली की ती कुठल्याही डेटाबेसमधून नुसत्या नावाने हाक मारून चालवता येते. साध्या स्टोअर्ड प्रोसिजरला ही सवलत नाही. म्हणून 'सिस्टिम' हाच अर्थ जास्त पटतो. 'स्पेशल' हा बहुधा याच सवलतीकडे बघून मागाहून लावलेला अर्थ असावा. स्वतःच्या प्रोसिजरना एसपी_ ने सुरुवात करू नका असं मायक्रोसॉफ्ट आजही सांगतं ते याचमुळे.

एक्सपी_ म्हणजे एक्स्टेंडेड प्रोसिजर, यात वाद नाही. ही टी-एसक्यूएल नसते, सी मध्ये लिहिलेल्या डीएलएलमधलं (वेगळ्या प्रोग्राम फाइलमधलं) फंक्शन असतं. पण नावावरून जात ओळखायला गेलं तर फसायला होतं. एसपी_एक्झिक्यूटएसक्यूएल आणि एसपी_ओएक्रिएट यांची नावं एसपी_ असूनही त्या आतून एक्स्टेंडेड आहेत, आणि उलट एक्सपी_लॉगिनइन्फो ही एक्सपी_ असून साधी टी-एसक्यूएल आहे. तेव्हा नावावर जाऊ नये, सिस्टिम कॅटलॉगमध्ये (सर्व्हरने ठेवलेल्या सगळ्या ऑब्जेक्टच्या यादीत) ऑब्जेक्टचा टाइप बघावा.

तिसरा प्रकार एसपी_एमएस ने सुरू होणाऱ्यांचा. यातल्या खूपशा रेप्लिकेशनच्या (डेटाच्या प्रती दुसऱ्या सर्व्हरवर ठेवण्याच्या) यंत्रणेच्या अंतर्गत वापरातल्या आहेत, काही सर्व्हर सांभाळायच्या जुन्या एंटरप्राइज मॅनेजर या टूलसाठी आणि त्याच्या खालच्या एसक्यूएल-डीएमओ लायब्ररीसाठी लिहिलेल्या. म्हणजे कंपनीने आपल्याच टूलच्या सोयीसाठी केलेलं काम. डॉक्युमेंट न करण्याचं खरं कारण मला हेच वाटतं, त्यात कुणाचा काही डाव नव्हता: घरातल्या वापराची वस्तू बाहेर विकायला ठेवलेली नसते.

फॉरईचची जोडी

सर्वात जास्त वापर एसपी_एमएसफॉरईचडीबी आणि एसपी_एमएसफॉरईचटेबल या दोघींचा. पहिली दिलेली कमांड प्रत्येक डेटाबेससाठी चालवते, दुसरी चालू डेटाबेसमधल्या प्रत्येक यूजर टेबलसाठी, आणि कमांडमध्ये जिथे प्रश्नचिन्ह असेल तिथे नाव घालते. यांची सुरुवात ६.५ व्हर्जनपासून (१९९६) धरायचा कल आहे. कोडची ठेवण त्याला धरून आहे, कारण २००५ मध्ये कॅटलॉग पूर्ण नव्याने मांडला गेला तरी या प्रोसिजर अजून सिसडेटाबेसेस आणि सिसऑब्जेक्ट्स ही जुनीच नावं वाचतात.

एसपी_एमएसफॉरईचडीबीचा कोड उघडून वाचण्यासारखा आहे. आत एक ग्लोबल कर्सर (यादीतलं एकेक नाव पुढे देणारा) आहे, आणि तो उघडताना तीन अटी लावलेल्या आहेत. पहिली अट स्टेटसच्या बिट्सवर आहे, हेक्समध्ये लिहिलेला ९९२ हा आकडा. तो फोडला तर ३२, ६४, १२८, २५६ आणि ५१२ मिळतात, म्हणजे लोड होत असलेला, रिकव्हरीच्या आधीचा, रिकव्हर होत असलेला, रिकव्हर न झालेला आणि ऑफलाइन, असे सगळे डेटाबेस बाहेर. दुसरी अट, सिंगल यूजर मोडमधला डेटाबेस बाहेर. तिसरी, चालवणाऱ्या लॉगिनला जिथे प्रवेश नाही तोही बाहेर. आता ही सगळी गाळणी गुपचूप होते, एरर नाही की वॉर्निंग नाही, आणि रात्रीचा बॅकअप जॉब यावर बेतलेला असेल तर सकाळी हिस्ट्रीमध्ये हिरवी खूण दिसते आणि त्या रात्री सिंगल यूजरमध्ये अडकून पडलेल्या डेटाबेसचा बॅकअप झालेलाच नसतो. बॅकअप नाही हे रिस्टोअरची वेळ आल्यावर कळणं यासारखी वाईट गोष्ट या धंद्यात नाही.

याच्याही पलीकडे एक तक्रार आहे की ही प्रोसिजर अधूनमधून व्यवस्थित ऑनलाइन असलेले डेटाबेससुद्धा सोडते. यावर दोन मतं आहेत. एका मताने दोष कर्सरचा आहे: तो स्टॅटिक (सुरुवातीलाच यादीची प्रत घेणारा) म्हणून जाहीर केलेला नाही, त्यामुळे फेरा चालू असताना कुठल्या डेटाबेसची स्थिती बदलली तर यादीच पायाखालून सरकते, आणि एका डेटाबेसवर कमांड बराच वेळ चालत असेल तर ही शक्यता वाढते. दुसरं मत असं की बहुतेक तक्रारींचं मूळ वर सांगितलेल्या तीन अटींमध्ये किंवा कापल्या गेलेल्या कमांडमध्ये असतं. हा कापण्याचा मुद्दा पुष्कळांना माहीत नसतो: कमांडचा पॅरामीटर २००० अक्षरांचा आहे, त्याहून लांब मजकूर दिला की शेपूट गुपचूप तुटतं. दुसऱ्या मताने बऱ्याच केसेस सुटतात पण सगळ्या सुटत नाहीत, त्यामुळे कर्सरचं स्पष्टीकरण सोडून देता येत नाही. एसक्यूएल सर्व्हरवर लिहिणाऱ्या अॅरन बर्ट्रांड यांनी २०१० च्या सुमारास याला पर्याय म्हणून एसपी_फॉरईचडीबी लिहून जाहीर केली, त्यात नावं आधी टेंपररी टेबलात घेतली जातात आणि मग फेरा सुरू होतो, शिवाय कुठले डेटाबेस घ्यायचे ते पॅरामीटरने सांगता येतं. आज नवीन काम करणाऱ्याने त्या वाटेने जावं, किंवा सिस.डेटाबेसेसवर स्वतःचा दहा ओळींचा लूप लिहावा, तेवढं अवघड नाही ते.

टेबलवाली प्रोसिजर या मानाने सरळ. रोजचा वापर सर्वांना माहीत आहे: प्रत्येक टेबलचा एसपी_स्पेसयूज्ड काढणं, रांगा मोजणं, डेटा लोड करण्याआधी सगळे कॉन्स्ट्रेंट (डेटावरचे नियम) बंद करणं. बंद करताना 'ऑल्टर टेबल ? नोचेक कॉन्स्ट्रेंट ऑल' लिहितात, ते बरोबरच आहे. परत चालू करताना मात्र 'विथ चेक चेक कॉन्स्ट्रेंट ऑल' असा चेक दोनदा लागतो. एकदाच लिहिला तर कॉन्स्ट्रेंट चालू दिसतो पण सर्व्हर त्याला भरवशाचा धरत नाही, जुना डेटा तपासलेलाच नसतो आणि क्वेरी कशी चालवायची ते ठरवणारा ऑप्टिमायझरही त्याचा उपयोग करत नाही. चूक प्रोसिजरची नव्हे, पण एका ओळीत चारशे टेबलांवर ती चूक पसरवायची ताकद हिच्यात आहे. म्हणून आधी कमांडच्या जागी नुसतं प्रिंट लिहून यादी बघावी, मग खरी कमांड द्यावी.

ठराविक टेबलंच हवी असतील तर @व्हेअरअँड नावाचा पॅरामीटर आहे. त्यात दिलेला मजकूर आतल्या क्वेरीच्या शेवटी जसाच्या तसा चिकटतो, त्यामुळे तो 'अँड' ने सुरू व्हावा लागतो, आणि सिसऑब्जेक्ट्सला आत दिलेलं टोपणनाव 'ओ' आहे म्हणून अट 'ओ.नेम' अशी लिहावी लागते. हे 'ओ' कुठेही छापलेलं नाही, कोड वाचल्यावरच कळतं. डेटाबेसवाल्या प्रोसिजरला हा पॅरामीटरच नाही. आणखी एक फरक म्हणजे टेबलचं नाव स्कीमासकट आणि चौकटी कंसात येतं, डेटाबेसचं नाव उघडं येतं, त्यामुळे नावात स्पेस किंवा डॅश असलेल्या डेटाबेसवर कमांड फुटते. तिथे प्रश्नचिन्हाभोवती कंस स्वतः घालावे.

मराठी मजकूर वापरणाऱ्यांसाठी इथे एक वेगळाच खड्डा आहे आणि तो इंग्रजीतल्या लिखाणात सापडायचा नाही. देवनागरीला व्हारकॅर या साध्या मजकुराच्या टाइपमध्ये बसणारं जुनं कोडपेज (अक्षरांची सांकेतिक यादी) नाही, मराठी आणि कोकणीसाठी असलेलं इंडिक_जनरल कोलेशनही (अक्षरांची तुलना आणि क्रम ठरवणारे नियम) फक्त युनिकोड टाइपवर चालतं. त्यामुळे नेहमीच्या लॅटिन कोलेशनच्या डेटाबेसमध्ये अवतरणाआधी एन (हा मजकूर युनिकोड आहे असं सांगणारं अक्षर) न लावता 'पुणे' लिहिलं की त्याची चार प्रश्नचिन्हं होतात, प, उकार, ण आणि मात्रा अशी प्रत्येकाची एक. एरवी याने फक्त डेटा खराब दिसतो. पण या प्रोसिजरना प्रश्नचिन्ह म्हणजे नाव घालायची जागा! 'प्रिंट' करून 'पुणे : ?' छापायला सांगितलं तर टेबलचं नाव एकापुढे एक चार वेळा, मग कोलन, मग पाचव्यांदा नाव, असं बाहेर येतं. प्रिंटच्या ठिकाणी अपडेट असेल तर कॉलममध्ये काय लिहिलं जाईल याचा विचार करा. उपाय म्हणजे बाहेरच्या अख्ख्या कमांडला एन लावायचा आणि आतल्या शब्दालाही वेगळा एन लावायचा, कारण बाहेरचा एन नाव घालेपर्यंत अक्षरं वाचवतो, आतला प्रत्यक्ष चालताना. तरीही @रिप्लेसकॅर पॅरामीटर देऊन प्रश्नचिन्हाऐवजी दुसरं चिन्ह घेतलेलं उत्तम. २०१९ व्हर्जनमध्ये आलेलं यूटीएफ-८ कोलेशन डेटाबेसला असेल तर ही अडचण येत नाही.

एक्सपी_ वाल्या

डिस्क, फोल्डर आणि रजिस्ट्री यांच्याशी बोलणाऱ्या प्रोसिजर एक्सपीस्टार नावाच्या डीएलएलमध्ये आहेत. एक्सपी_फिक्स्डड्राइव्हज प्रत्येक ड्राइव्हवर किती एमबी मोकळी ते सांगते. एक्सपी_फाइलएक्झिस्ट तीन कॉलम देते, फाइल आहे का, ते फोल्डर आहे का, आणि वरचं फोल्डर आहे का. एक्सपी_डिरट्री फोल्डरचं झाड देते, दुसऱ्या पॅरामीटरने किती पातळ्या ते ठरतं, तिसरा १ दिला तर फाइलीही दिसतात, पण साइझ आणि तारीख मिळत नाही. एक्सपी_रेगरीड रजिस्ट्रीमधली किंमत वाचते आणि तिची बहीण एक्सपी_इन्स्टन्स_रेगरीड नेम्ड इन्स्टन्सची (एकाच मशीनवर वेगळ्या नावाने चालणाऱ्या एसक्यूएल सर्व्हरची) योग्य की स्वतः शोधते, सर्व्हरवर दोन-तीन इन्स्टन्स असले की दुसरीच वापरावी.

एक्सपी_डिरट्रीबद्दल सिक्युरिटीच्या लोकांची काळजी खरी आहे. पब्लिक रोलला (म्हणजे प्रत्येक लॉगिनला) ती चालवायची परवानगी मुळातच दिलेली असते, आणि तिला लोकल फोल्डरऐवजी नेटवर्कवरच्या शेअरचा पत्ता दिला तर सर्व्हिस अकाउंट त्या मशीनकडे स्वतःची ओळख पटवायला जातं. ते मशीन हल्ला करणाऱ्याचं असेल तर त्याच्या हाती एनटीएलएम हॅश (पासवर्डवरून बनलेली ओळखीची खूण) लागतो. एखाद्या वेबसाइटमधल्या एसक्यूएल इंजेक्शनच्या (बाहेरून कमांड घुसवण्याच्या) भोकातून एवढी एक ओळ आत गेली तरी पुरे. परवानगी काढून घ्यावी, पण आधी टेस्ट सर्व्हरवर, कारण काही टूलमधली फाइल निवडायची खिडकी याच प्रोसिजरवर चालते. बाहेर जाणारं एसएमबी (फाइल शेअरिंगचं) ट्रॅफिक फायरवॉलवर अडवणं हा जास्त खात्रीचा मार्ग.

व्हर्जन बदलताना

२००० पर्यंत या प्रोसिजर मास्टरमध्येच असायच्या आणि धाडसी लोक त्या बदलायचेही. २००५ पासून त्यांचा कोड रिसोर्स नावाच्या छुप्या, फक्त वाचता येणाऱ्या डेटाबेसमध्ये गेला. त्याच व्हर्जनमध्ये फाइलची साइझ आणि तारीख देणारी एक्सपी_गेटफाइलडिटेल्स नाहीशी झाली आणि तिच्यावर उभे असलेले जॉब अपग्रेडनंतर पडले. कधी उलटही होतं. एसपी_रीडएररलॉग वर्षानुवर्षं अनडॉक्युमेंटेड म्हणून सांगितली जायची, आता तिला अधिकृत पान आहे. २०१७ मध्ये सिस.डीएम_ओएस_एन्युमरेट_फिक्स्ड_ड्राइव्हज हा व्ह्यू आला, तो एक्सपी_फिक्स्डड्राइव्हजचं काम करतो आणि डॉक्युमेंटेड आहे. सोबत आलेलं सिस.डीएम_ओएस_फाइल_एक्झिस्ट्स मात्र आलं तेव्हा अनडॉक्युमेंटेडच होतं. क्लाउडवरच्या अझूर एसक्यूएल डेटाबेसमध्ये एसपी_एमएसफॉरईचडीबी मिळत नाही.

इतर सर्व्हर

ओरॅकलमध्ये असाच प्रकार डब्ल्यूएम_कॉनकॅट या फंक्शनचा झाला. अनेक रांगांमधल्या किंमती स्वल्पविरामाने जोडून देणारं हे फंक्शन वर्कस्पेस मॅनेजरच्या अंतर्गत वापराचं होतं, पण लोकांनी ते सर्रास रिपोर्टमध्ये वापरलं. ११जी रिलीज २ मध्ये लिस्टॅग हा अधिकृत पर्याय आला आणि १२सी मध्ये डब्ल्यूएम_कॉनकॅट काढून टाकलं. डीबीएमएस_सिस्टिम हे ओरॅकलचं पॅकेजही याच वर्गातलं, त्यातून अलर्ट लॉगमध्ये स्वतःची ओळ लिहिता येते.