जांभा पाणी गाळत नाही

रत्नागिरी-सिंधुदुर्गात वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि याच जिल्ह्यांतल्या कित्येक वाड्यांवर मे महिन्यात टँकर येतो. याचं कारण पायाखालच्या दगडात आहे. सड्यावरचा (डोंगरावरच्या सपाट पठारावरचा) जांभा हा लोह आणि ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडांनी भरलेला, भोकाभोकांचा खडक. चिरेखाणीत उभा कापलेला भाग पाहिला तर बोट जाईल एवढ्या पोकळ्या दिसतात. पावसाचं पाणी त्यांतून झपाट्याने खाली उतरतं, खालच्या चिकणमातीच्या थरावर अडतं आणि आडवं सरकत सड्याच्या पायथ्याशी झऱ्यावाटे बाहेर येतं. आपल्या विहिरींना आणि पऱ्यांना (ओढ्यांना) बहुतांशी हेच पाणी मिळतं. पटकन मुरलेलं पाणी पटकन निघूनही जातं, म्हणून शिमगा झाला की विहिरींचा तळ दिसू लागतो.

टंचाईवर दरवर्षी बोललं जातं. याच भोकांचा दुसरा परिणाम मात्र सहसा कुणी मोजत नाही. बारीक मातीतून पाणी सावकाश झिरपतं, तेव्हा वाटेत जंतू मातीच्या कणांना चिकटतात, काहींना इतर सूक्ष्मजीव खातात, उरलेले उपाशी मरतात. जांभ्याच्या पोकळ्यांत या गोष्टींना वेळच मिळत नाही. तो पन्हळीसारखा वागतो: वरच्या टोकाला जे पडलं तेच खालच्या टोकाला.

आता आपल्या वाड्यांची ठेवण बघा. घरं उताराच्या वरच्या अंगाला, विहीर खाली. पूर्वी त्यात वावगं काही नव्हतं. आता प्रत्येक घरामागे संडास आहे (ते व्हायलाच हवे होते) आणि त्याचा शोषखड्डा त्याच जांभ्यात खणलेला आहे. विहिरीपासून १५ मीटर अंतर ठेवा, असं सांगतात. मातीत ते ठीक. पोकळ्या आणि भेगा असलेल्या खडकात अंतराइतकंच, किंबहुना जास्त, महत्त्व उताराच्या दिशेला आहे. तुमच्या विहिरीच्या वरच्या अंगाला कुणाचा खड्डा आहे हे पाहावं. शेजाऱ्यापाशी हा विषय काढणं अवघड, हे खरं.

सर्वांत धोक्याचे दिवस मृगाचे. उन्हाळाभर साठलेलं शेण, गोठ्यातली घाण, खड्ड्यांतला मैला पहिल्या जोराच्या पावसात एकदम खाली उतरतो, आणि नेमकं तेव्हाच विहिरीत पाणी हातभर असतं. जुलैत तुडुंब भरलेल्या विहिरीत तीच घाण कितीतरी विरळ झाली असती. त्यात फसवणूक अशी, की हिपॅटायटिस ए विषाणू पोटात गेल्यापासून कावीळ दिसेपर्यंत सरासरी २८ दिवस जातात. जूनच्या पाण्याने आलेली कावीळ जुलैत उमटते, तोवर पाणी निवळशंख झालेलं असतं आणि दोष बाहेरच्या खाण्याला जातो.

किनाऱ्यावरच्या गुहागर, दिवेआगरसारख्या गावांत गोष्ट निराळी. तिथे खाली वाळू आहे, ती पाणी जांभ्यापेक्षा बरं गाळते, पण तिच्याखाली समुद्र आहे. गोडं पाणी खाऱ्यापेक्षा हलकं, म्हणून ते वर तरंगतं. खाऱ्या पाण्याची घनता फक्त अडीच टक्क्यांनी जास्त असल्यामुळे हिशेब मोठा मजेदार होतो: समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी १ मीटर असेल, तर खाली सुमारे ४० मीटर गोडं पाणी असतं. हाच हिशेब उलटाही चालतो. उपशाने पातळी कायमची १ मीटर उतरली, तर खाऱ्याची हद्द कालांतराने ४० मीटर वर चढू शकते. रहाटाने पाणी थोडंथोडं निघायचं. पंप तासाभरात विहीर ओढतो आणि बरोबर त्याच्याखाली खारं पाणी शंकूसारखं वर येतं. बागेत याची खूण आधी झाडांवर दिसते, कारण नारळ मचूळ पाणी सोसतो, पोफळीला (सुपारीच्या झाडाला) ते मानवत नाही.

टीडीएस मीटर पाण्यात बुडवून आकडा दाखवणारे विक्रेते हल्ली गावोगाव येतात. तो मीटर विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतो. मचूळ विहिरीसाठी तो कामाचा, भारतीय मानकात क्षारांची इष्ट मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे. पण जांभ्यातलं पाणी मुळातच हलकं, क्षार कमी. तिथे मीटर छान आकडा दाखवील आणि पाण्यात ई. कोलाय (मैल्यातले जीवाणू) असतील तर त्यांच्याविषयी अवाक्षर काढणार नाही. अशा घरात आरओ (क्षार काढणारं शुद्धीकरण यंत्र) बसवून मे महिन्यात निम्म्याहून जास्त पाणी मोरीत सोडणं मला तरी पटत नाही. पाणी खळखळून उकळलं तर जंतू मरतात.

जंतूंचा संशय असेल तर एच-टू-एस बाटली वापरावी. मैल्यातून येणारे काही जीवाणू हायड्रोजन सल्फाइड वायू तयार करतात, बाटलीतल्या लोहाशी त्याचा संयोग होऊन पाणी काळं पडतं. बाटली उबेत १ ते २ दिवस ठेवायची, एवढंच. ही सोपी चाचणी १९८२ साली भारतीय संशोधकांनीच मांडली.

आणि विहिरीतले जंतू मारायला टीसीएल (ब्लीचिंग) पावडर. विहिरीचा व्यास मीटरमध्ये मोजून त्याचा वर्ग करा, पाण्याच्या खोलीने आणि ०.७८५ने गुणा: घनमीटर मिळतात. ३ मीटर व्यास आणि ४ मीटर पाणी असेल तर सुमारे २८ घनमीटर, म्हणजे २८,००० लिटर. १००० लिटरला अडीच ग्रॅम धरून ७० ग्रॅम पावडर पुरते, गढूळ पाण्याला जास्त लागते. पावडर बादलीत कालवून चुना खाली बसू द्यावा, वरची निवळ तेवढी विहिरीत सोडून पाणी ढवळावं. चुना विहिरीत गेला तर पाणी जड होतं. ताज्या पावडरीत सुमारे ३३ टक्के क्लोरीन असतो, पण कोकणच्या दमट हवेत उघडं पोतं राहिलं की तो उडून जातो आणि उरतो तो बहुतेक चुनाच. म्हणून तासाभराने ओटी चाचणी (पाण्यातला क्लोरीन तपासणारी) करावी. नमुना पिवळा झाला नाही, तर पाण्यात पुरेसा क्लोरीन नाही. पावडर बदलून पुन्हा टाकावी.