पाऊस कमी झाला, माती जास्त वाहिली

आंध्रात काकिनाड्याजवळ, गोदावरीच्या मुखाशी, कोरिंगाची खारफुटी आहे. पैठण, गंगाखेड, नांदेडवरून गेलेला गाळ त्या किनाऱ्याला लागतो, हे नकाशा पाहूनही कळतं. मात्र माती सर्वांत जास्त कधी गेली आणि का, हे कळायला समुद्राचा तळ उकरावा लागला.

तोही वेगळ्याच कामासाठी. २००६ साली भारताची एक मोहीम समुद्रतळाखाली गोठलेला निसर्गवायू, म्हणजे गॅस हायड्रेट, शोधत होती. गोदावरीच्या मुखासमोर सव्वा किलोमीटर खोल पाण्याखालून गाळाचा उभा नमुना वर आला. त्यात गेल्या सुमारे ११ हजार वर्षांचे थर शाबूत होते.

त्या थरांत पानांवरचं मेण होतं. पान कुजतं, मेण टिकतं. झाडं हवेतला कार्बन एका पद्धतीने घेतात, तर ज्वारीसारखी उष्ण, कोरड्या हवेला सोसणारी गवतं दुसऱ्या. या गवतांच्या मेणात जड कार्बनचं, म्हणजे कार्बन-१३ चं, प्रमाण जास्त भरतं. म्हणजे मेण मोजलं की खोऱ्यात झाडी किती आणि गवत किती, याचा अंदाज येतो. कामिलो पोन्टन आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये मांडलेला निष्कर्ष असा: सुमारे ४,००० वर्षांपूर्वीपासून कोरडी हवा सोसणाऱ्या वनस्पती वाढत गेल्या आणि १,७०० वर्षांपूर्वीपासून त्यांचाच जम बसला. हा हिशेब अख्ख्या खोऱ्याचा आहे, एकट्या मराठवाड्याचा नाही. पण आपला उघडा माळ कायम असाच होता, असं मानायला आता जागा उरत नाही.

पाऊस का आटला? पृथ्वीचा अक्ष हजारो वर्षांत हळूहळू दिशा बदलतो. १०-११ हजार वर्षांपूर्वी जून-जुलैच्या सुमारास पृथ्वी सूर्याच्या जवळ असे. जमीन जास्त तापे आणि समुद्रावरचे ढग जोराने आत खेचले जात. आज जुलैच्या सुरुवातीला, ऐन पावसाळ्यात, आपण सूर्यापासून सर्वांत लांब, सुमारे १५.२ कोटी किलोमीटरवर असतो.

खरी गंमत पुढे आहे. पाऊस कमी म्हणजे धूप कमी, असं कुणालाही वाटेल. लिव्हियू जिओसान आणि सहकाऱ्यांनी त्याच गाळातल्या निओडिमियम या मूलद्रव्याची तपासणी केली. दख्खनच्या काळ्या पाषाणाची माती आणि पूर्वेकडच्या जुन्या खडकांची माती त्यावरून वेगळी ओळखता येते. २०१७ मध्ये त्यांनी दाखवलं की अलीकडच्या काही हजार वर्षांत, हवा कोरडी होत असताना, गाळ वाढला आणि त्यात दख्खनचा वाटाही वाढला. कारण पाऊस कमी झाला तरी मोठ्या सरी थांबल्या नाहीत. झाडी विरळ झाली, शेती पसरली, आणि तोच धो-धो पाऊस उघड्या जमिनीवर पडू लागला. बालाघाटाच्या उतारावर नुकतीच पाळी घातलेल्या रानात एका वळवाने काय होतं, हे शेतकऱ्याला वेगळं सांगायला नको.

खाली किनाऱ्यावर या मातीला जागा तयार होती. हिमयुगात सुमारे १२० मीटर खाली गेलेला समुद्र वर चढत आला आणि ७ हजार वर्षांपूर्वीच्या सुमारास त्याचा वेग मंदावला. मग नदीने आणलेला गाळ मुखाशी साठू लागला, जमीन समुद्रात पुढे सरकली आणि नव्या चिखलावर खारफुटीने मुळं रोवली. दलदलीचं ते जंगल उभं राहण्यात वरच्या अंगाच्या कोरडेपणाचाही हात आहे.

आता उलट चाललंय. १९७६ मध्ये पूर्ण झालेल्या जायकवाडीसह खोऱ्यातल्या धरणांत गाळ अडतो. मुखाशी पोचणारा गाळ १९७० च्या दशकाच्या तुलनेत १९९० च्या दशकापर्यंत निम्म्याहून कमी झाला आणि त्रिभुज प्रदेशाचा किनारा जागोजागी झिजू लागला. इकडे ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेत हाच गाळ उन्हाळ्यात ट्रॅक्टर-टिपरने पुन्हा रानात पसरला जातो. हलक्या, मुरमाड जमिनीला तो मानवतो. कोरिंगासाठी मात्र अशी योजना नाही.